सुईच्या जागी कॉफी

मी हे लिहावं का, याचा बरेच दिवस विचार केला. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेही एक वर्ष मागे पडून. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. त्यामुळे मी काही सांगितलं, आणि विशेषतः कागदावर लिहून दिलं, की घरचे आणि गल्लीतले ते खरंच धरतात. पूर्वी याचा अभिमान वाटायचा. आता भीती वाटते.

मागे एकदा मी असाच एक कागद लिहून दिला होता, कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून. हे लिखाण त्या कागदाची दुरुस्ती आहे. दुसऱ्याला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. तरी आगाऊपणाची माफी मागून सांगतो, वाचायला घेतलंत तर मधेच सोडू नका. अर्धं वाचलं तर हेही घातक ठरेल.

तहान

आम्ही मूळचे करमाडजवळच्या एका वस्तीतले. तिथली विहीर आटली तेव्हा बाबा टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि आम्ही संभाजीनगर शहरात, मुकुंदवाडीला दोन खोल्यांत राहायला आलो. बाबा आमच्या गावाकडच्याच एका खोल विहिरीवर टँकर भरतात आणि जालना रोडवरच्या नव्या सोसायट्यांच्या टाक्यांत रिकामा करतात. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही तासभर. पिण्याचं पाणी म्हणजे दोन कळशा आणि एक माठ. त्यावर आठवडा काढायचा.

अशा घरात मला तहान लागली.

ती साधी तहान नव्हती. तांब्या तोंडाला लावला की रिकामा होईपर्यंत खाली यायचा नाही, आणि खाली ठेवला की घसा पुन्हा कोरडा. तिसऱ्याच दिवशी माठाचा तळ दिसायला लागला. बाबा म्हणाले, "अरे, पोटात बोअर मारली का काय? जातंय कुठं एवढं पाणी?" शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तुमच्या लेकाला सोसायटीत ठिवा राहायला. तिथं टँकर येतो म्हणं." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मी घरी पाणी पिणंच कमी केलं. लवकर निघून कॉलेजच्या कूलरला तोंड लावायचो, मग दिवसभर मुतारीच्या फेऱ्या. पँट कमरेवर राहीना. बाबांचा जुना पट्टा घेऊन त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडली.

आई म्हणायची, "उन्हाचं हाय." आमच्याकडे दुष्काळात सगळंच उन्हाचं असतं.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जाताना जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला. माझा मित्र अमोल रोज व्यायामशाळेत जाणारा गडी. त्यानं मला पाठीवर टाकून खाली आणलं. नंतर तो म्हणाला, "लेका, पोतंभर सिमेंट समजून उचललं, तर तू निघालास रिकामं पोतं."

आयुष्यभर म्हणजे किती दिवस

सरकारी दवाखान्यातल्या मॅडम वयानं माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. डोळे झोपेला आलेले. त्यांनी बाबांना विचारलं, "घरात कुणाला शुगर आहे?"

बाबा म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात साखरंचा डबाच रिकामा असतो. पोराला शुगर कुठून यील?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ही म्हाताऱ्या माणसांची शुगर नाही. याच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद होत चाललंय. रोज सुई घ्यावी लागेल.

"किती दिवस?"

"आयुष्यभर."

बाबांनी थोडा वेळ टोपी हातात फिरवली आणि पुन्हा विचारलं, "व्हय, पण आयुष्यभर म्हंजे किती दिवस?"

त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं. रडलो नाही. मनात एकच हिशोब चालू होता, की प्रॅक्टिकल बुडालं.

वॉर्डात अकरा दिवस होतो. सकाळी सहाला बोटाला टोचणी, मग सुई, मग नाश्ता. खाटेखाली आई, खाटेवर मी. झाडू मारणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या सकाळी मी ग्लासभर पाणी मागून ते थांबत थांबत पीत होतो, तर त्या म्हणाल्या, "पी की घटाघटा. हितं तुला कोण बोलणार नाय." मग जाऊन अख्खी बाटली भरून आणली. त्या बाटलीचं सुख मी अजून विसरलो नाही.

सुई टोचायला सिस्टरनी मोसंबीवर शिकवलं. दुष्काळातली मोसंबी, लिंबाएवढी, साल चामड्यासारखी. सिस्टर म्हणाल्या, "हिला टोचता आलं तर पोटाला सहज जमेल." जमलं. पण आई त्या वेळी दरवेळेस तोंड फिरवून बसायची.

भाकरी मोजणारा मुलगा

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. माझी आई एका खानावळीत भाकऱ्या थापते. दिवसाला किती थापते याची मोजदाद तीसुद्धा ठेवत नाही. आणि तिचाच मुलगा ताटात बसून म्हणायला लागला, "दीडच. दीडच्या वर नको."

"भाकरीनं कुणी बिमार पडतं का रे?" ती म्हणायची. एकदा तिनं अर्धी भाकर भाजीखाली लपवून वाढली. मी ओरडलो. ती त्या दिवशी जेवलीच नाही.

बाबांनी सांगून ठेवलं होतं, नातेवाइकांना कळू द्यायचं नाही. सुयांचा डबा पुस्तकांच्या मागे आणि इन्सुलिन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशव्यांशेजारी. कुणी पाहुणा आला की मी मोरीत जाऊन टोचून घ्यायचो. आजारापेक्षा या चोरीचाच कंटाळा जास्त आला. याच कंटाळ्यानं पुढची चूक केली, असं मला वाटतं. पण हे कारण म्हणून सांगत नाही. कारण सांगितलं की सुटल्यासारखं होतं.

शेक

दिवाळीनंतर अमोलनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. एक गोरापान माणूस, पांढरं स्वयंपाकघर, काचेचं भांडं. लो-कार्ब कॉफी प्रोटीन शेक. साखर नाही, पीठ नाही, पोट भरतं. "हे बघ, तुझ्यासाठीच बनवलंय त्यानं," अमोल म्हणाला. त्यात बदामाचं दूध होतं, पावडरचा मोठा डबा होता, बर्फ होता. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. शेंगदाणे होते.

मी तो शेक आमच्या घरच्या वस्तूंवर बसवला. मूठभर कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घालायचे. सकाळी चोळून सालं काढायची, भिजवलेलं पाणी भांडी घासायला ठेवायचं. दाणे कपभर पाण्यात मिक्सरवर अगदी बारीक वाटायचे आणि स्वच्छ पंच्यातून पिळून घ्यायचे. दोन चमचे गरम पाण्यात एक चमचा कॉफी विरघळवायची, चिमूटभर दालचिनी, चिमूटभर मीठ, आणि परत मिक्सरवर फिरवायचं. वर चांगला बोटभर फेस येतो. अमोल त्याच्या डब्यातली प्रोटीन पावडर कधी कधी कागदाच्या पुडीत बांधून आणायचा. मिळाली तर चमचाभर घालायची, नाही मिळाली तर नाही.

पहिल्या आठवड्यात फजिती झाली. मी दुकानातून कॉफीची छोटी पाकिटं आणली होती. शेक चवीला झकास लागायचा आणि दवाखान्यातून मिळालेल्या मशीनवर शुगर मात्र चढायची. चौथ्या दिवशी पाकिटाच्या मागचं बारीक वाचलं, तर त्यात कॉफीपेक्षा साखरच जास्त. त्यानंतर नुसती कॉफी आणली. मग शेक कडू लागायला लागला. आईनं एक घोट घेऊन पाहिला. "आगं माय! ह्यो तर टँकरच्या बुडाचा गाळ हाय. ह्याला लोक पैसे देऊन पितेत?"

पण मोजणीचे आकडे खाली यायला लागले. सकाळी शेक, दुपारी अंडी आणि पालेभाजी, रात्री पुन्हा शेक. मशीनवर असे आकडे दिसायला लागले जे निरोगी माणसाचे असतात. पूर्वीएवढी सुई घेतली की हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा. म्हणून मी थोडी कमी केली. मग आणखी कमी. मॅडमना विचारलं नाही.

इथे आमच्याकडची एक समजूत सांगायला हवी, कारण माझी चूक तिच्यातून आली. आमच्याकडे औषधापेक्षा पथ्याला मान जास्त. मला लहानपणी कावीळ झाली होती. महिनाभर तेल-तिखट बंद, फुटाणे आणि उसाचा रस. गोळी एक नाही. आई आजही सांगते, "माझ्या लेकाची कावीळ पथ्यानं उतरवली म्या." ज्याच्यानं पथ्य होत नाही त्यानं औषध खावं, असा आमचा हिशोब. मी विज्ञानाचा विद्यार्थी, पण त्या वेळी डोक्यातलं विज्ञान कुठे गेलं होतं कोण जाणे. मला वाटलं, मी पथ्य इतकं कडक पाळतोय की सुईची पाळी संपली. सव्वा महिन्यात सुई पूर्ण बंद केली. आईनं गल्लीत सांगितलं, "काफी पिऊन पिऊन बरा झाला." गल्लीत काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण आनंदात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

इन्सुलिनची लाईन

सुई बंद केली तरी मी महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात इन्सुलिनच्या लाईनीत उभा राहायचो. नाही गेलं तर मॅडम विचारतील, अशी भीती. बाटल्या घ्यायच्या आणि दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवून द्यायच्या.

त्या लाईनीत रेखाताई भेटली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. माहेर अजिंठ्याकडचं, सासर सोयगावच्या पुढे एका खेड्यात. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि हा आजार निघाला, माझ्यासारखाच. तिला सोबत म्हणून तिचा भाऊ संतोष यायचा आणि बाहेर झाडाखाली बसायचा. सासरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूला नाही.

"सुई कुठं घेता मग?" मी विचारलं.

"गोठ्यात. म्हशीला वैरण टाकायच्या टायमाला," ती म्हणाली. "बाटली माठाच्या बुडाला लपवून ठिवती. परवा सासू म्हणली, गोठ्यात एवढं काय ठिवलंय गं तुझं, म्हशीसंग मैतरीन जोडली का? मी म्हणलं, व्हय, तीच एक बोलत नाय ना."

ती हे सांगून हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. मला वाटलं, माझ्याकडे हिच्यासाठी काहीतरी आहे. मी शेकचं सांगितलं. शेंगदाणे, कॉफी, फेस, खाली आलेले आकडे, सगळं. ती मन लावून ऐकत होती. मग तिनं अगदी हळू विचारलं,

"म्हंजे सुई बंद करता येती का भाऊ?"

मी म्हणालो, "मला तरी आली."

एवढं एकच वाक्य. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

ती म्हणाली, "काफी तर घरात कुणीबी पितं. कुणाला काय कळतंय." आणि मग, "लिहून द्या ना भाऊ. माझ्या ध्यानात ऱ्हायचं नाय."

मी जर्नलचं कोरं पान फाडलं आणि मांडीवर फाईल ठेवून सगळी कृती सुवाच्य अक्षरात लिहिली. साखरेच्या पाकिटांची फजितीसुद्धा लिहिली, म्हणजे तिची होऊ नये. शेवटी लिहिलं, "नियमित घेतल्यास सुईची गरज हळूहळू कमी होऊन बंद होते." तिच्याकडे फोन नव्हता, तो नवऱ्याकडे असायचा. म्हणून काही अडलं तर विचारा म्हणून माझा नंबर लिहिला. खाली नाव लिहिलं. नावापुढे बी.एस्सी. लिहिलं. जे मी अजून झालेलो नाही.

तिनं कागदाची घडी करून ती पदराच्या गाठीत बांधली.

मॅडमचा प्रश्न

शिवरात्रीच्या आसपास मला बारीक ताप आला. दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या. पोट असं दुखायला लागलं की मी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो. श्वास जोरजोरात चालायचा, धावून आल्यासारखा. आई म्हणाली, "उन्हाचं हाय." मग तिनं माझ्या तोंडाजवळ नाक नेलं आणि घाबरली. श्वासाला सडक्या फळासारखा वास येत होता. बाबांनी भरलेला टँकर तसाच रस्त्याला लावला आणि मला रिक्षात घातलं.

पुढचे तीन दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवतात. नळ्या, पडदा, बाबांच्या टोपीची कड. शुद्धीवर आलो तेव्हा मॅडम खाटेशी उभ्या होत्या.

"सुई कधी बंद केलीस?"

मी सांगितलं. शेकचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाल्या, "शेकचा दोष नाही रे. कॉफीही वाईट नाही, शेंगदाणेही वाईट नाहीत. पण या आजारात सुरुवातीचे काही महिने शरीर स्वतःचं थोडं इन्सुलिन बनवत राहतं. माणसाला वाटतं बरा झालो. ते उरलेलं संपणारच असतं. ते संपलं आणि बाहेरून मिळालं नाही, तर तू उपाशी राहिलास तरी विष साठतं. सुई जेवणासाठी नाही, जगण्यासाठी आहे. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर तू दिसला नसतास."

मग त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणाला सांगितलंस का?"

बाबा शेजारी उभे होते. त्यांचा कागदावर, कॉलेजवर, माझ्यावर किती विश्वास, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणालो, "नाही."

आजारात मी बऱ्याच चुका केल्या. बाकीच्या अज्ञानातून झाल्या. ही एक मात्र जाणूनबुजून केली. खरं सांगितलं असतं तर मॅडमनी तिची फाईल काढली असती, तिच्या गावच्या आशा सेविकेला फोन गेला असता. एवढा सरळ रस्ता होता. हे मला नंतर कळलं असंही म्हणता येत नाही. त्या वेळीही थोडंफार कळत होतं.

सोयगावच्या पुढे

दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर पुढच्या इन्सुलिनच्या लाईनीत मी सकाळी सातपासून उभा होतो. रेखाताई आली नाही. दुपारी खिडकी बंद झाली तरी मी झाडाखाली बसून होतो. संतोषही आला नाही.

त्यानंतरच्या रविवारी घरी न सांगता सोयगावची एसटी धरली. तिथून काळीपिवळीनं तिचं गाव. वाटेत एक ओळ ठरवत होतो. ताई, सुई चालू करा, आजच. बाकी काही बोललो नाही तरी चालेल.

गावात टँकर नुकताच आला होता. विहिरीत पाइप सोडलेला आणि काठावर बायकांची झुंबड. घर विचारलं तर एका म्हातारीनं कळशी खाली ठेवली. तीच सासू निघाली.

"कोण रं तू?"

"संभाजीनगरहून आलो. रेखाताई आहेत का?"

"नाय. माहेरी गेलीय. तुझं काय काम हाय माझ्या सुनंकडं?"

आजूबाजूच्या बायका थांबल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. परका तरुण पोरगा, नाव घेऊन सून विचारतोय. दवाखान्यातून आलो म्हणालो तर तिचं लपवलेलं उघड होतं. नाही म्हणालो तर तिची बदनामी होते. मी हातातली फाईल पुढे केली आणि म्हणालो, "कॉलेजचा सर्व्हे आहे आजी, पाण्याचा. तरुण सुनांची नावं लागतात."

"पाण्याचा सर्व्हे?" ती म्हणाली. "लिही, पाणी नाय. झाला सर्व्हे."

बायका हसल्या. मी खरंच वहीत "पाणी नाही" असं लिहिलं आणि परत फिरलो. माहेरचं गाव कोणतं हे विचारायचं धाडस झालं नाही. अजिंठ्याकडचं, एवढंच माहीत होतं. परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होतो की माहेरी आहे म्हणजे ठीक आहे. भाऊ शहाणा आहे. अडलं तर फोन करतील, नंबर आहे त्यांच्याकडे.

ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी

शेवटचं सांगण्याआधी कामाचं सांगून घेतो.

मी तो शेक आजही पितो. पोट भरतं, आकडा फार उडत नाही, आणि सकाळी भाकरीवरून आईशी होणारं भांडण टळतं. वर लिहिलेली कृती बरोबर आहे. पण आधी सुई, मग शेक. मॅडमनी ठरवून दिली तेवढी सुई. कमी करावीशी वाटली, अंग थरथरलं, तरी त्यांना विचारूनच. आकडे चांगले आले की सुई सोडावीशी वाटते, तोच दिवस जपायचा. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास आला तर उन्हाचं म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा. आणि सुई लपवू नका. आमच्या घरी आता सुयांचा डबा माठाशेजारी उघडा असतो. मामा आले तेव्हा बाबांनीच त्यांना दाखवला. मामा म्हणाले, "अरे, एवढंच ना." एवढंच होतं. एवढ्यासाठी आम्ही मोरीत लपत होतो.

फोन

एप्रिलमध्ये, जयंतीनंतरच्या आठवड्यात, मी लायब्ररीत बसलो होतो. अनोळखी नंबर आला. बाहेर जिन्यात येऊन उचलला.

"सर का? मी संतोष बोलतो, अजिंठ्याकडून. रेखाताईचा भाऊ. दवाखान्याबाहेर झाडाखाली भेटलो होतो आपुन."

"हां, बोला. ताई कशा आहेत?"

"ताई गेली सर. पाडव्याच्या आदल्या हप्त्यात."

मी खाली पायरीवर बसलो. तो सांगत होता. उलट्या लागल्या होत्या. ऊन लागलं असंच वाटलं सगळ्यांना. गावातच सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी बोलेना, तेव्हा गाडी बघितली. गाडी मिळेपर्यंत संपलं. मी मनात दिवस मोजले. मी तिच्या सासरी विहिरीपाशी उभा होतो त्यानंतर दहा दिवसांनी.

"तुम्हाला सांगावं वाटलं," संतोष म्हणाला. "तुमच्यामुळं तिचे दोन-अडीच महिने लई सुखात गेले सर. गोठ्यात जाणं नाय, लपणं नाय. सासूसमोर बसून काफी प्यायची. माहेरी आली तेव्हा आमच्या आईला बोलली, आता मी चांगली झाले."

मी विचारलं, "सुई चालू होती का?"

"नाय ना. संक्रांतीलाच सोडली. गरजच पडंना म्हणली."

मग मी त्याला सगळं सांगितलं. माझं काय झालं ते, मॅडम काय म्हणाल्या ते, मी मॅडमशी खोटं बोललो ते, आणि गावात येऊन परत गेलो तेही. मला वाटलं फोन कट झाला. पण मागे बकरी ओरडत होती, त्यावरून कळलं की तो तिथंच आहे.

मग तो म्हणाला, "म्हंजे सुई असती तर ताई ऱ्हायली असती?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं दिली नाही. आवाज खाली आणून, जसं एखाद्या सरांना विचारतात तसं विचारलं,

"मग सर, त्या झेरॉक्सचं काय करायचं आता?"

"कुठल्या झेरॉक्स?"

"तुमच्या कागदाच्या. तिच्या दहाव्याला वाटल्या आम्ही, तिच्या नावानं. आलेल्या परतेक माणसाला एक दिली. लई गावांची माणसं होती, सर."